नदी आली की सांगायचं

“मग आता तरी मी सुटलो म्हणायचं का, अक्का?”

मथुराअक्का मठाच्या ओसरीवर कंदिलाच्या काचा पुसत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशातून?”

“सगळ्यातून. एक बाप तेवढा राहिला होता. तोही गेला.”

समोर कडुनिंबाच्या फांदीला तांबड्या कापडात बांधलेलं गाडगं लटकत होतं. त्यात कोंडाजीच्या अस्थी होत्या. कोंडाजी म्हणजे विचारणाऱ्याचाच बाप. पण विचारणारा ‘माझा बाप’ म्हणत नव्हता. ‘एक बाप’ म्हणत होता. दुकानात ‘एक नारळ द्या’ म्हणावं तसं.

विचारणारा म्हणजे विरागानंद स्वामी. अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा आणि दारात भक्तांनी दिलेली पांढरी मोटार. आधीचं नाव संपत. हरिद्वारला जाऊन त्यानं संन्यास घेतला, स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध घातलं आणि अक्कांच्या मठात येऊन राहिला. अक्कांनी एकदा ‘तू सुटलास’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. अक्का काही म्हणत नव्हत्या.

“ते गाडगं कोण नेणार?” अक्कांनी विचारलं.

“नेतील त्यांचे ते.”

“तुझी बहीण काय सांगून गेली, ऐकलंस ना? म्हातारा म्हणाला होता, नदीत सोडील तर पोरगाच सोडील. नाहीतर राहू दे झाडाला लोंबत. ती बिचारी आज घाटावर वाट बघत बसणार आहे.”

“मेलेल्याला बाप नसतो, अक्का. मी माझं श्राद्ध करून मोकळा झालोय.”

“मेलायस होय?”

“जगाला मेलोय.”

अक्कांनी काच उजेडात धरली. एक डाग राहिला होता, तो पदरानं पुसला.

“बरं. गाडी काढ.”

…

अक्का मागच्या सीटवर बसल्या. गाडगं मांडीवर घेतलं.

“एक लक्षात ठेव,” त्या म्हणाल्या. “अस्थी नेताना वळण आलं, पूल आला, की सांगायचं असतं. डावीकडं वळतोय हो, नदी आली हो. मेलेल्याला वळण कळत नाही. सांगितलं नाही तर तो आपला सरळच जात राहतो.”

“मग सांगा तुम्ही.”

“माझं चालत नाही. रक्ताच्या माणसानं सांगायचं.”

स्वामी हसला. असं हसू पुस्तकं वाचलेल्या माणसाला लवकर येतं.

“आत्मा सगळीकडं भरून राहिलाय, अक्का. त्याला रस्ता काय सांगायचा?”

“आत्म्याचं राहू दे. जिवंत होता तेव्हा तरी काय सांगितलंस त्याला?”

…

कोंडाजी वर्षातून एकदा मठात यायचा. कडुनिंबाखाली बसायचा. त्या दिवशी स्वामी नेमका मौन धरायचा. म्हातारा दिवसभर पोराकडं बघत राहायचा आणि ऊन कललं की ‘येतो’ म्हणून उठायचा. ‘येतो’ला नुसती मान हलवली तरी पुरते, त्यानं काही मौन मोडत नाही.

ती मान कधी हलली नाही.

…

शहराच्या मधून नदी जाते आणि शहराच्या डोक्यावरून रस्ता. खांबांवर उभा केलेला, लांबच लांब. लोक त्याला वरचा रस्ता म्हणतात. त्यावर सिग्नल नाही, चौक नाही, थांबायला जागा नाही. खाली यायचं तर डाव्या हाताला ठरलेले उतार आहेत. मंडईचा, जुन्या दवाखान्याचा, आणि नदीच्या अलीकडं घाटाचा. तो चुकला की माणूस थेट नदीपार.

ऐन दुपार होती. ऊन डोक्यावर. इमारतींचे तिसरे मजले तिथं रस्त्याच्या बरोबरीला येतात, लोकांच्या खोल्यांतून गाडी चालवल्यासारखं वाटतं. एका खिडकीत एक म्हातारा आरशासमोर दाढी करत होता. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. पुढं एका गच्चीवर एक बाई कठड्यावर गोधडी वाळत घालत होती.

समोर लावलेल्या फोनमधून आवाज आला. “पुढे डावीकडे वळा.”

“ही कोण?” अक्कांनी विचारलं.

“नकाशातली बाई. रस्ता सांगते.”

“तुझ्या नात्यातली का?”

“काहीतरीच काय, अक्का!”

“मग सांगू दे तिला.”

घाटाची हिरवी पाटी आली. स्वामीनं वळायचा दिवा लावला, स्टिअरिंग डावीकडं घेतलं. घेतलं, हे त्याला पक्कं आठवत होतं.

गाडी पुलावर होती. खाली नदी. पाणी वाहताना दिसत होतं, हलताना दिसत नव्हतं.

“चुकलं वाटतं,” तो म्हणाला.

…

नदीपलीकडं तो खाली उतरला, वळसा घालून मागं आला आणि मंडईपाशी पुन्हा वर चढला.

फोन वाजला. बहीण होती, हिराताई. “संपत, आलास का रे? मधल्या पायरीवर ऊन आलंय.”

“येतोय,” एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

खिडकीतल्या म्हाताऱ्याच्या गालावर फेस तसाच होता. तेवढाच. गच्चीवरच्या बाईच्या हातात गोधडीचं तेच टोक होतं.

या खेपेला स्वामीनं वेग कमी केला. पाटी आली. उतार दिसला, स्वच्छ दिसला. गाडी उतरली. खांबांच्या सावलीत शिरली, अंधारं वळण घेतलं, आणि पुढं चढ लागला. उताराच्या शेवटी चढ. चढ संपला, ऊन डोळ्यांवर आलं.

डाव्या हाताला खिडकी. म्हातारा. अर्धा गाल.

स्वामीनं घाम पुसला. रस्त्यावर आता दुसरी गाडी नव्हती. पुढं नाही, मागंही नाही. कुठल्या गॅलरीत माणूस नव्हतं. दोरीवर एक हिरवी साडी फुगून उभी होती आणि वारा अजिबात नव्हता.

“पुढे डावीकडे वळा,” नकाशातली बाई म्हणाली.

तो वळला. गाडी पुलावर गेली. पुलाच्या अगदी मध्यावर ती बाई म्हणाली, “तुम्ही पोहोचला आहात.”

त्यानंतर ती पुन्हा बोलली नाही.

…

हिराताईचा पुन्हा फोन. “संपत, ऊन पाण्यावर गेलं रे. कुठं आहेस?”

स्वामीनं काचेतून वर पाहिलं. सूर्य डोक्यावरच होता.

…

पुढच्या खेपेला खिडकीतला म्हातारा दाढी करत नव्हता. वस्तरा हातात तसाच धरून आरशातून स्वामीकडं बघत होता. ओळखीच्या माणसाकडं बघावं तसा.

“अक्का, हे काय चाललंय?”

“काय चाललंय?”

“उतार सापडत नाही.”

“कुणाला?”

“मला!”

“तुला कसा सापडेल?” अक्का शांतपणे म्हणाल्या. “मेलायस ना?”

स्वामीनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

“चेष्टा नका करू. तुम्ही सांगा, कुठं वळू. तुम्ही म्हणाल तिथं वळतो.”

“मी सांगून भागत नाही रे, बाबा.”

“मग कोण सांगणार? मला आहे कोण?”

तो ओरडला.

“कुणी नाही ना?” अक्का म्हणाल्या. “अरे, मग झालं की तुझ्या मनासारखं.”

…

फोन वाजला. या वेळी हिराताईचा आवाज खाली आला होता. “पलीकडच्या भिंतीवर ऊन चढलंय, संपत. दिवस मावळल्यावर सोडत नाहीत पाण्यात. आज नाही झालं तर मी ते गाडगं पुन्हा झाडाला बांधायचं का? दादांना पुन्हा टांगून ठेवू?”

फोन बंद झाला.



“लहानपणी यायचास म्हणे इकडं,” मागून अक्का म्हणाल्या.

“…दादांच्या टेम्पोत.” बापाला दादा म्हणायची त्याच्या घरची रीत. तो शब्द तोंडात आला तेव्हा जीभ अडखळली. “कांद्याच्या गोण्या असायच्या. मी त्यांच्या फटीत झोपायचो.”

“मग नदी आलेली कशी कळायची तुला?”

“दादा उठवायचे. नदीला हात जोडायला.”

“काय म्हणून उठवायचे?”

स्वामीनं तोंड उघडलं. काहीतरी होतं. एक हाक होती. घरातली, वेडीवाकडी, चारचौघांत सांगायची लाज वाटेल अशी… त्याला ती आठवेना. मागचं सगळं पुसायचं म्हणून त्यानं इतकी वर्षं घासलं होतं, की ते खरोखरच गेलं होतं.

“आठवत नाही,” तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात कफनी नव्हती.



खिडकी आली. खिडकीत आता कुणी नव्हतं, नुसता आरसा होता. गच्ची आली. गोधडी कठड्यावरून रस्त्याकडं लोंबत होती, बाई नव्हती. स्वामीच्या पापण्या जड झाल्या. हात मांडीवर उतरू लागले. गाडी सरळ जात राहिली. पुढं पुलाचे कठडे दिसत होते, आणि आता वळायचंय हेही त्याच्या मनात राहिलं नव्हतं.

“ए उंदऱ्या, ऊठ. नदी आली.”

आवाज मागून आला. त्यात माया नव्हती, राग नव्हता. बाजाराला उशीर होतोय, अशी घाई तेवढी होती.

स्वामीचे हात आपोआप डावीकडं वळले.

गाडी उतरली. खांब आले, सावली आली, अंधारं वळण आलं. आणि मग एकदम हॉर्न, रिक्षावाल्याची शिवी, तळणीतल्या भज्यांचा वास. रस्त्यात आडवी म्हैस. सूर्य इमारतींच्या मागं पार कलला होता.

स्वामी रडत होता आणि बोलत होता.

“दादा, डावीकडं वळतोय. दादा, देवळाची कमान आली. दादा, थांबतोय जरा, म्हैस आहे पुढं. दादा, आता उजवीकडं. आलंच हं, दादा…”

…

पलीकडच्या भिंतीच्या अगदी माथ्यावर ऊन उरलं होतं.

हिराताई पायरीवर उभी होती. तिनं भावाकडं पाहिलं, त्याच्या रडक्या तोंडाकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “ती कफनी वर खोच. पाण्यात पायात येईल.”

त्यानं अक्कांच्या मांडीवरून गाडगं उचललं. कमरेइतक्या पाण्यात गेला. तांबडं कापड सोडलं.

“दादा, उतरा. घाट आला.”

राख थोडी तरंगली, मग गेली. भिंतीवरचं ऊन विझलं.

हिराताई ओंजळीनं पाणी सोडत राहिली. तो ठिबकत्या अंगानं वर आला आणि अक्कांच्या पायाशी बसला. अक्का पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

सकाळी विचारलेलं त्यानं पुन्हा विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

“अक्का, ते नाव तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुठलं नाव?”

“उंदऱ्या. मठात ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही आठवत नव्हतं… वर, पुलाच्या अलीकडं, तुम्ही मला हाक मारलीत ना? नदी आली म्हणून?”

अक्कांनी पाण्यातून पाय काढले. लुगड्याच्या काठानं पुसले.

“मी कशाला मारू हाक? मी का तुझ्या रक्ताची आहे?”