न आलेले साहेब

आमच्या भेंडवाडीत कुठलाही फोन लागतो. फक्त त्यासाठी तो हातात घेऊन दोन कोस वर खिंडीपर्यंत चढावं लागतं.

सगुणाबाई त्यालाच वैतागली होती. वाडीचा हातपंप महिनाभर बंद, अख्खी वाडी ओढ्याचं गढूळ पाणी पीत होती. पाणी समितीची अध्यक्ष म्हणून ती अर्ज घेऊन तीनदा तालुक्याला गेली. तिन्ही वेळा तिथल्या पाणीपुरवठा कार्यालयातल्या जामदारसाहेबांनी अर्ज परत केला.

"बाई, कागद बंद झाले. तक्रार अ‍ॅपवर करा, तीही पंपाजवळ उभं राहून. जे अ‍ॅपवर नाही, ते आमच्या लेखी झालंच नाही!"

"पंपाजवळ रेंज कुठाय, साहेब?"

"ते माझ्याकडे येत नाही."

मग एक दिवस साहेबच वाडीत आले, 'डिजिटल गाव' अशी पाटी लावायला. पाटी पंपाशेजारी ठोकली. आता तिथंच उभं राहून अ‍ॅपवर हजेरी लावायची, नाहीतर साहेब गैरहजर. त्यांनी फोन उंच धरला, कट्ट्यावर चढले, शेवटी पंपाच्या डोक्यावर पाय ठेवला. हजेरी काही जाईना.

घाम पुसत त्यांनी खिशातून कागद काढला. "सगुणाबाई, मी येऊन गेलो, एवढ्यावर सही करा बघू."

सगुणाबाईने पिशवीतून आपला चुरगळलेला अर्ज काढला.

"तुम्ही आलात कुठं, साहेब? अ‍ॅपवर तर दिसत नाही. आधी माझ्या अर्जाची पोहोच द्या, म्हणजे पंप बंद पडला. मग मी सही करते, म्हणजे तुम्ही आलात."