गडाच्या चाव्या

धवलसेन राजाला विजयाची धुंदी चढली. गडावरच्या देवळात, थेट देवाच्या शेजारी, त्याने स्वतःची सोन्याची मूर्ती बसवली आणि हुकूम सोडला, "देवाला एक दंडवत घाला, तसाच माझ्या मूर्तीलाही घाला!"

दरबारी भराभर वाकले. किल्लेदार रायाजी मात्र ताठ उभा राहिला.

"अरे, देव सोड असं कुठे म्हणतोय मी?" राजा गरजला. "त्याच्या जोडीला मला धर, एवढंच!"

आता मुंडकं उडणार, हे रायाजीला कळून चुकलं. तरी त्याने शांतपणे कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि राजापुढे ठेवला.

"महाराज, ह्या ज्याच्या कमरेला, गड त्याच्या हातात. ह्या वाकलेल्यांपैकी कुणालाही द्या. आज भीतीपोटी त्यांनी देवाच्या जोडीला दुसरा धनी केला. उद्या दाराशी शत्रू आला, की तुमच्या जोडीलाही करतील."

राजाने एकेका दरबाऱ्यावरून नजर फिरवली. चाव्या द्याव्यात असा एकही दिसेना. शेवटी तो स्वतःच वाकला, जुडगा उचलला आणि रायाजीच्या कमरेला बांधला.

त्या संध्याकाळी आरतीला गाभाऱ्यात देव एकटाच होता.