ठमाईचा खोटा नवस

डोंगरात पायवाटा कमी होत्या आणि वाघ जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. सह्याद्रीच्या कुशीत उंबरदरी नावाचं गाव होतं. तिथे पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे. त्या चिखलात भाताची खाचरं नांगरावी ती तिथल्या डांगी गुरांनीच. अंगानं बेताची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, दुधाला जेमतेम. पण कातडी अशी तेलकट, की पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं अंगावरून घरंगळून जाई.

या गावात ठमाई होती. आता तिला सगळे आई म्हणतात. तेव्हा ती पाटलांची धाकटी सून होती आणि कडेवर तान्हं बाळ होतं. ठमाई भारी भित्री. बाळ रडलं की भ्यायची, रडलं नाही तर जास्तच भ्यायची. झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायची.

एका साली दरड कोसळली आणि गावचा वळू तिच्याखाली गेला. उन्हाळ्यात गावकरी देशावरच्या बाजारात गेले आणि नवा वळू घेऊन आले. हत्तीएवढा, पांढराशुभ्र. नाव ठेवलं सरदार. जमीन कोरडी टणक होती, त्यामुळे सरदार मोठ्या ऐटीत चालत होता. पाटील हरखून म्हणाले, "आता पैदास याचीच. गावातले गोऱ्हे झाडून सगळे बडवून टाका." बडवायचं म्हणजे खच्ची करायचं. नांगराला बैल मिळतो, पण त्याचा वंश तिथेच थांबतो.

हे काम धोंडू करायचा. एकेक गोठा उरकत तो पाटलांच्या दारी आला. आता गावात एवढा एकच गोऱ्हा राहिला होता.

"धर गं पोरी दावं," धोंडू म्हणाला.

ठमाईनं दावं धरलं, ते सोडेचना. "याला राहू द्या की, धोंडूदादा."

"का गं? लगीन ठरवलंयस का त्याचं?"

अंगणात हशा पिकला. ठमाईला कारण सांगता येईना. सगळेच बडवले आणि उद्या सरदाराला काही झालं तर, एवढंच तिच्या मनात आलं होतं. पण तिच्या मनात तर उठता-बसता असलंच काहीबाही यायचं. घरात ते कुणी मनावर घेत नसे, ती स्वतःसुद्धा. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "बाळाच्या खोकल्यासाठी हा मी वाघोबाला बोललेय."

हशा थांबला. वाघोबाला बोललेल्या जनावराला हात लावायची कुणाची छाती? "आधी सांगायचं होतंस, सूनबाई," पाटील पुटपुटले.

नवस खोटा होता. बाळाला खोकलाच नव्हता.

असं म्हणतात, की त्या साली आषाढ आला तो सूर्याला घरीच विसरून आला. चिखलात सरदाराची खुरं कुजली. अंगावरचं पाणी निथळेना. तो गोठ्यात उभा थरथरायचा, आणि एके सकाळी बसला तो उठलाच नाही. आता गावभर गाई होत्या आणि वंश चालवायला ठमाईचा एकच गोऱ्हा.

पण वाघोबाला बोललेलं जनावर दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, रानातल्या वाघाच्या खडकावर सोडायचं, ही रीत. त्यातच बाळाला खरोखरच खोकला लागला. आपलं खोटं लेकराला भोवलं, असं ठमाईनं मनाशी धरलं. आता गोऱ्हा द्यावा तर गुरांचा वंश बुडतो, न द्यावा तर बाळावर संकट.

वाघबारस आली. गाव वाजतगाजत खडकावर गेलं, गोऱ्हा बांधला आणि रीतीप्रमाणे मागं न बघता परतलं. ठमाई बाळाला घेऊन तिथेच मागं राहिली. उन्हं कलली आणि झाडीतून वाघ आला.

ठमाई गोऱ्ह्याच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि बोलली. "वाघोबा, मी खोटं बोलले. भ्याले आणि तोंडाला आलं ते बोलले. यात लेकराची चूक नाही, या मुक्या जिवाचीही नाही. हा नेलास तर गावात पुन्हा वासरू व्हायचं नाही. मग पुढे तू तरी काय खाशील?"

असं म्हणतात, की वाघ खाली बसला आणि त्यानं बराच वेळ विचार केला. मग उठला, गोऱ्ह्याची पाठ वशिंडापासून शेपटीपर्यंत चाटली आणि आला तसा निघून गेला. जीभ फिरली तिथे काळा पट्टा उमटला, आणि बाळाचा खोकला त्या क्षणी थांबला. कुणी म्हणतं, वाघ तिच्याशी बोललासुद्धा. ठमाई मात्र म्हणायची, "बोलला-बिलला काही नाही. ऐकून घेतलं. घरात तेवढंही कुणी घेत नव्हतं."

गोऱ्हा घेऊन ती गावात आली आणि तिनं सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. पाटलांनी गोऱ्ह्याच्या पाठीवरचा पट्टा बघितला आणि पागोटं काढून खाली ठेवलं. "वाघानं सोडलं, तिथे मी कोण विचारणार?"

त्या एका वळूपासून दरीतले सगळे गोठे पुन्हा भरले. ठमाई म्हातारी झाली, नातवंडांच्याही नाकापुढे बोट धरत राहिली. कुठला गोऱ्हा राखावा, हे विचारायला लोक दुरून तिच्याकडे यायचे. ती म्हणायची, "मला मेलीला काय कळतंय? पण हा राहू द्या."

उंबरदरीत अजूनही वाघबारशीला गावातली सर्वांत नवी आई खडकावर उभी राहते. एका डांगी गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं सांगते, "हा मी बोललेय." त्या गोऱ्ह्याला मग कुणी बडवत नाही. तो कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याच्यावर काठी उगारत नाहीत. आणि तू हा कशासाठी बोललीस, असं त्या आईला कुणी विचारत नाही.