झीलकरी

"जिथं कुणाला ऐकूच येत नाही, तिथं देव गाणाऱ्याला कशाला धाडील, बुवा?"

लूकसबुवा आढाव कोटाचं बटण शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा ना."

"दोरा ओव," बुवा म्हणाले आणि सुई पुढे केली.

शांतवनने दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला तो गेला एकदाचा. सुई परत देताना त्याने पुन्हा विचारलं, "देव चुकत नाही म्हणता. मग हे काय?"

"हे बटण हाय," बुवा म्हणाले.

बुवांकडून सरळ उत्तर मिळवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडणं. शांतवन ससाणेला ते बारा वर्षांत पुरतं कळलं होतं. तरी तो विचारायचा राहत नसे.

बुवा ख्रिस्ती कीर्तनकार. नगर जिल्ह्यात त्यांचं कीर्तन झालं नाही असं ख्रिस्ती देऊळ शोधूनच काढावं लागलं असतं. काळा कोट, डोक्याला फेटा, हातात चिपळ्या आणि तोंडी पवित्र शास्त्रातल्या कथा. त्यांच्या मागे उभा राहून शांतवन झील धरायचा. म्हणजे बुवांनी पदाची ओळ म्हणायची आणि त्याने ती मागून उचलायची. आवाज फार सुरेख होता त्याचा. लोकांनी सांगायच्या आधीपासून त्याला ते ठाऊक होतं.

त्याला पुढे उभं राहायचं होतं. बुवा चौऱ्याहत्तरचे झाले होते. एक दिवस ते मागे वळतील, चिपळ्या आपल्या हातात देतील, असं त्याला वाटायचं. कीर्तन सुरू झालं की त्याची नजर त्या चिपळ्यांवरच असायची. या इच्छेने त्याची छाती दुखायची, खरोखर दुखायची.

आणि आता खिशात ते पत्र होतं. बहिऱ्या मुलांची शाळा, मराठवाड्यातलं कुठलंसं आडगाव, वसतिगृहावर शिक्षक हवा. शांतवन डी.एड. झालेला. चर्चच्या मंडळीच्या पंचांनी त्याचं नाव सुचवलं होतं. होय की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

एकोणीस दिवस पत्र खिशात होतं. रोज पहाटे तो गुडघे टेकायचा. 'देवा, माझी नको, तुझीच इच्छा पूर्ण होवो,' म्हणायचा. आणि मग ती इच्छा काय असायला हवी, हे देवाला नीट समजावून सांगायचा.

देव गप्प होता. बुवाही गप्प.

"एक शब्द सांगा, बुवा. जा म्हणा, नाहीतर राहा म्हणा. तुम्ही म्हणाल ते मी देवाचं समजेन."

बुवांनी दातांनी दोरा तोडला. कोट झटकला, अंगात घातला.

"चल. लोकं वाट बघत्यात."

* * *

सोनगिरवाडीत त्या दिवशी हंगामाचा सण होता. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, वांग्यांच्या पाट्या, पाय बांधलेला एक कोंबडा. सकाळची उपासना झाली, जेवणं झाली आणि उन्हं कलताना मांडवात कीर्तन उभं राहिलं.

कथा योसेफाची. भावांनी त्याला कोरड्या खड्ड्यात टाकलं, तिथून देवाने त्याला वर काढलं, ती. शांतवनला ही कथा तोंडपाठ होती. बुवा कुठे थांबतात, कुठे घोटभर पाणी पितात, कुठल्या शब्दाला बायका डोळ्यांना पदर लावतात, सगळं पाठ. अलीकडे बुवा एखादी ओळ विसरायचे. तेव्हा तोच पुढची ओळ उचलून वेळ मारून न्यायचा. लोकांना पत्ता लागत नसे. बुवांना लागायचा की नाही, देव जाणे.

अगदी पुढे, व्यासपीठाच्या कडेला, रिबकाबाई बसली होती.

रिबकाबाई लहानपणीच्या तापात बहिरी झालेली. पण एकही कीर्तन चुकवायची नाही. तळहात व्यासपीठाच्या फळीवर टेकवायची आणि तबल्याचे, बुवांच्या पावलांचे हादरे हाताने ऐकायची.

तिला एकच मुलगा, नाथान. लहान असताना तो आईचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि "आये" म्हणायचा. मिशी फुटली, ट्रॅक्टर चालवायला लागला, तरी घरी आला की आधी तेच. सगळा गाव हसायचा. दोन महिन्यांपूर्वी नाथान तापाने गेला. तेव्हापासून बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिची सून सांगत होती, रडली असती तर बरं झालं असतं.

आज ती आली होती. पण हात फळीवर नव्हते. मांडीत पडले होते.

योसेफ खड्ड्यात पडला. आता पद यायचं होतं. बुवांनी चिपळ्या उचलल्या, समोर पाहिलं...

आणि थांबले.

पेटीवाला सूर धरून राहिला. एक क्षण, दोन क्षण.

विसरले, शांतवनच्या मनात आलं. बुवा थकले आता. त्याने छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात पद उचललं:

"खड्ड्यामधुनी मज काढियले, जयजयकार तुझा देवा..."

"ओटी तू भरली..." त्याच वेळी बुवांनी हळूच सुरू केलं होतं.

दोन ओळी एकमेकींवर आदळल्या. तबला अडखळला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शांतवनचे कान तापले.

बुवांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चिपळ्या खाली ठेवल्या. गुडघ्यावर हात देत व्यासपीठावरून उतरले आणि रिबकाबाईसमोर खाली मातीत बसले. तिचा हात उचलला आणि आपल्या छातीवर, काळ्या कोटावर, नुकत्याच शिवलेल्या त्या बटणाशी टेकवला.

"ओटी तू भरली, ओटी तू रिती केली..."

शांतवन खाली उतरला आणि त्यांच्या मागे उभा राहिला. हे पद त्याने कधी ऐकलं नव्हतं. याची पुढची ओळ त्याच्याजवळ नव्हती. पेटीवाल्याकडे पाहिलं, तर तोही नुसता सूर धरून बसलेला. मग त्याला करण्यासारखं एकच उरलं. तो बुवांच्या पाठीकडे पाहत राहिला. कोट श्वासाने फुगत होता, खाली बसत होता. जेवढं आलं तेवढंच त्याने उचललं:

"ओटी तू रिती केली..."

"आता पदर माझा सोडू नको..."

"सोडू नको..."

बुवांचा श्वास तुटला. ते खोकले. खोकता खोकता त्यांनी मागे हात करून शांतवनला खाली ओढलं, रिबकाबाईचा हात आपल्या छातीवरून उचलला आणि सरळ त्याच्या गळ्यावर ठेवला.

बाईची बोटं खरखरीत होती. बर्फासारखी गार होती.

"म्हण," बुवा पुटपुटले.

त्याने म्हटलं. किती वेळ म्हटलं, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. आवाज बारीक निघत होता, त्यात कसलीही हरकत नव्हती, तान नव्हती. मधेच फाटतही होता. बाईची बोटं आधी नुसती टेकली होती. मग ती हलली. त्याचा कंठमणी चाचपू लागली, आंधळ्याने दाराची कडी चाचपावी तशी. आणि मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

रिबकाबाई रडली. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून तिने तो आवरला नाही. सगळा मांडव तिच्याबरोबर रडला. सुनेने धावत येऊन तिला पोटाशी धरलं.

योसेफ त्या दिवशी खड्ड्यातच राहिला. कोणाला त्याची आठवण झाली नाही.

* * *

मांडव रिकामा झाला. बुवा हापशावर पाय धुवत होते. शांतवन हापसत होता.

"चुकलं माझं, बुवा. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"इसरलोच व्हतो."

शांतवनचा हात दांड्यावर थांबला.

"तिच्याकडं बघितलं," बुवा म्हणाले, "आन् खड्ड्याचं पद पार गेलं डोक्यातनं. हापस की."

तो हापसू लागला. पाणी बुवांच्या टाचांच्या भेगांवरून वाहत राहिलं.

"मग हे दुसरं पद? हे कधी रचलंत?"

"रचलं न्हाई."

"...अजून आठवतंय का तुम्हाला?"

"न्हाई. तुला?"

शांतवनने आठवून पाहिलं. ओटी, पदर... चाल निसटली होती. गळ्यावर मात्र ती गार बोटं अजून होती. तिथेच हात नेऊन तो उभा राहिला. बारा वर्षं त्याला पुढे उभं राहायचं होतं, आणि आज जे घडलं तेच पुन्हा घडावं, एवढं एकच मागणं आता त्याच्या जिवात उरलं होतं. ते कुठे घडेल, केव्हा, कोणासमोर, याचा काही म्हणता काही पत्ता नव्हता.

त्याने खिशातून पत्र काढलं. घामाने ओलं झालं होतं. घडी उलगडली, पुन्हा घातली.

"तिथं जाऊन मी काय गाणार, बुवा?"

बुवा पंच्याने पाय पुसत होते.

"आज तुम्हाला तरी ठाऊक होतं ना? पुढची ओळ कोणती ते? पुढं उभ्या राहणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असायला हवं..."

बुवांनी पंचा पिळला, झटकला, खांद्यावर टाकला. चिपळ्या कोटाच्या खिशात घातल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी शांतवनकडे नीट पाहिलं.

"मी कुठं पुढं व्हतो, लेकरा?" ते म्हणाले. "मी बी मागंच हुबा व्हतो."