सुतरफेणीचे चौदा पीळ

एका राज्यात फार पूर्वी रोज सकाळी एक आवाज यायचा. साखरेच्या पाकाचं घट्ट कडं लाकडी पाटावर हलकेच आपटल्याचा. पाटाच्या दोन बाजूंनी दोन माणसं ते कडं ओढत असायची, सटवाजी हलवाई आणि त्याची बायको येसू. सुतरफेणी एकट्याने होत नाही. पलीकडची बाजू धरायला कुणीतरी लागतंच, अशी त्या धंद्याची रीत.

एके दिवशी येसूला ओढ्यात तांब्याची परात सापडली. ती टेकडीवर राहणाऱ्या एका मांत्रिकाच्या शापित खजिन्यातली होती. हात लावताच येसूची साळुंकी झाली, बोली तेवढी माणसाची राहिली. सटवाजीने राजाकडे दाद मागितली, तेव्हा राजाने निवाडा दिला. मांत्रिकाने तीन कामं सांगावीत. सटवाजीने ती पुरी केली तर शाप सुटेल. नाहीतर तिसऱ्या कामाच्या दिवशी सूर्य मावळताच साळुंकी माणसाची बोली कायमची विसरेल.

पहिलं काम, बोलक्या डोहाचं मौन घागरीत भरून आणायचं. सटवाजी काठावर बसला आणि ऐकत राहिला. तीन दिवसांनी डोहाचं सगळं सांगून झालं, तेव्हा त्याने घागर बुडवली. दुसरं काम, थोरल्या वडाची सावली आणायची. ती त्याने भर दुपारी, आखडलेली असताना, घडी घालून खांद्यावर आणली.

तिसरं काम सांगायला मांत्रिक स्वतः ओसरीवर आला. सूर्य टेकडीच्या जेमतेम दोन हात वर होता.

"राज्यात घरं किती?"

"राजाच्या दप्तरात सोळा हजार आहेत, बाबा."

"घरटी एक, अशा साखरेच्या तारा कर. सूर्य मावळायच्या आत."

सटवाजीने सावकाश मान हलवली. "चौदा पीळ द्यावे लागतील."

मांत्रिक पोट धरून हसला. "सोळा हजार घरं आणि चौदा पीळ? दे बाबा, दे."

"पलीकडची बाजू मात्र तुम्ही धरा. साळुंकीला हात नाहीत."

"अहो, नीट बसवा त्यांना," साळुंकी खुंटीवरून म्हणाली. "दाढी पिठात जाईल."

मांत्रिक बसला. सटवाजीने कडं भाजलेल्या पिठात घोळवलं, पीळ देऊन दुहेरी केलं, आणि दोघांनी ओढून पुन्हा मोठं केलं. एकाच्या दोन तारा झाल्या. दोनाच्या चार. चाराच्या आठ.

सातव्या पिळाला साळुंकी म्हणाली, "एकशे अठ्ठावीस."

"निम्मं काम झालं तुझं," मांत्रिक म्हणाला, "आणि एका आळीलाही पुरायच्या नाहीत."

सटवाजीचे हात चालूच होते. दहाव्या पिळाला हजारावर चोवीस झाल्या. बाराव्याला चार हजार शहाण्णव. तारा आता केसाहून बारीक होत्या, आणि मांत्रिकाचं हसू कुठेतरी पडून गेलं होतं.

तेरावा पीळ बसला. सूर्याची नुसती कड उरली.

"आठ हजार एकशे ब्याण्णव," साळुंकी म्हणाली. तिचे शब्द अडखळू लागले होते. "अहो... त्यांचे हात..."

राज्यातली निम्मी घरं अजून बाकी होती, आणि पीळ एकच. हा एकच पीळ उरलेल्या सगळ्या घरांना पुरणार, हे मांत्रिकाला तेव्हा कळलं. त्याची बोटं सैल झाली. सोडून दिलं असतं तर सगळं पिठात पडून तुटलं असतं.

"सोडू नका, बाबा," सटवाजी म्हणाला. रागाने नाही, नव्या माणसाला काम शिकवताना म्हणावं तसं. "पहिल्यांदा सगळ्यांचेच हात भरून येतात. एवढा एकच."

मांत्रिकाने त्याच्याकडे पाहिलं. मग बोटं घट्ट केली आणि ओढलं.

"सोळा हजार तीनशे..." साळुंकी म्हणाली, आणि "चौऱ्याऐंशी" हा शब्द येसूच्या तोंडून आला. ती खुंटीखाली उभी होती, पदराला एक पीस चिकटलेलं.

"वरच्या तीनशे चौऱ्याऐंशी कुणाला?" तिने विचारलं.

"धरणाऱ्याला," सटवाजी म्हणाला.

येसूने तेवढी फेणी द्रोणात घालून मांत्रिकापुढे केली. त्याने पांढऱ्या झालेल्या दोन्ही हातांनी द्रोण घेतला, दाढीतलं पीठ झटकायचंही राहिलं, आणि तो ओसरी उतरून टेकडीच्या वाटेने निघून गेला.