आवडूआयचा झापांचा कुड

फार वर्षांपूर्वी, माडबंदरात घरं बोटांवर मोजण्याइतकी आणि बाकी सगळे माडच माड, तेव्हाची ही गोष्ट. गावात आवडू नावाची बाई राहायची. तिचा नवरा रावजी गलबतावर खलाशी होता. दिवाळीनंतर जायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा, आणि मग चार महिने आवडूचं हसणं वाटेवरच्या माणसाला ऐकू यायचं, असं म्हणतात.

एका वर्षी रावजी परतला तो गप्पगप्प. पडवीत वेगळा झोपू लागला. ताट पुढे आलं तरी मान वर करीना. लघवीला गेला की माडाला धरून कळ सोसत ओठ चावायचा. आवडूला वाटलं, आपलंच काही चुकलं. आठव्या दिवशी पहाटे तो न सांगता निघून गेला. मग माळ्यावर जाळ्याखाली दडवलेलं त्याचं धोतर तिच्या हाती लागलं. त्यावर पुवाचे डाग होते.

परक्या बंदरातून रावजी परमा, म्हणजे बाईच्या संगातून लागणारा रोग, घेऊन आला होता. बायकोला लागू नये म्हणून लांब झोपला, आणि सांगायची लाज वाटली म्हणून परागंदा झाला. तीन दिवस आवडूने त्याला गाव ऐकेल अशा शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी धोतर उराशी धरून ती म्हणाली, "येवढंच व्हतं, तर सांगायचं व्हतंस." आणि रडली.

खाडीपलीकडे एक म्हातारा वैद्य होता. त्याच्याकडून ती झाडपाला शिकली. मग अंगणात तिने माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा, म्हणजे झापांचा, कुड आडोशाला उभा केला. दुखणाईत पुरुषाने कुडापलीकडे बसायचं, नाव सांगायचं नाही. तिने बघायचं नाही. सात बंदरांचे पुरुष येऊ लागले. वाघाच्या तोंडात हात घालतील, पण दुखतंय कुठे ते सांगताना या बहाद्दरांची दातखीळ बसायची. जो तो म्हणायचा, "उष्णता झालीया, आय."

"सगळ्यांनाच उष्णता कशी व्हती रं? नीट सांग," आवडू म्हणायची.

मग ती एकेक विचारत जायची. कुणी भर उन्हात दिवसभर वल्ही मारून घोटभर पाणी प्यायलेला असायचा, त्याला उन्हाळी लागलेली. कुणाच्या कमरेतून कळ निघून जांघेत उतरायची, तो मुतखडा. कुणा म्हाताऱ्याची धार अडखळायची, ते वयाचं. आणि पू येतो म्हणाला, की ती विचारायची, "घरात बायको हाय? मग तिलाबी संगट घेऊन ये. एकट्याला औषध देऊन रोग घरातच ऱ्हातो." बोलणाऱ्याचा हळू आवाज तिला ऐकू यावा म्हणून तेवढा वेळ समुद्राची गाज थांबायची, असं म्हणतात.

पण पलीकडे नवा कुणी खाकरला की आवडूचा वरवंटा थांबायचा. हा रावजी असेल का? नसायचा. ती पुन्हा पाला वाटायला घ्यायची. दरवर्षी कुडाला नवे झाप लागायचे, असे बावीस वेळा लागले. तोवर लोक तिला आवडूआय म्हणू लागले होते, आणि तिची दृष्टी गेली होती.

एका दुपारी पलीकडे कुणी बसलं. मग म्हणालं, "आय, लघवी थेंबथेंब व्हते. पूर्वी पू यायचा. लई वर्सं झाली."

गाज थांबली. आवडूने आवाज ओळखला. तरी नेमाप्रमाणे विचारलं, "घरात बायको हाय?"

"व्हती. आता हाय का नाय, कसं सांगू?"

"हाय," आवडू म्हणाली. "हितंच बसलीया."

पलीकडे झाप थरथरले. मग रावजी म्हणाला, "तुला तोंड कसं दाखवू गं?"

"तोंडाचंच भ्या व्हतं ना तुला? ये. मला दिसत न्हाय आता."

रावजी कुडाला वळसा घालून आला आणि तिच्यापुढे बसला. तिने त्याचा चेहरा बोटांनी चाचपला. गालफडं बसली होती, दाढी पांढरी की काळी ते बोटांना कळेना. तिने औषध दिलं, पण दुखणं फार मुरलं होतं. तो चार महिने जगला. त्या पावसाळ्यात आवडूचं हसणं पुन्हा वाटेवर ऐकू आलं, असं म्हणतात. मात्र बावीस वर्षं कुणाला परत मिळाली नाहीत.

आता तिथे कुड नाही. बंदरात दवाखाना आहे, परम्यावर सुई आहे, गोळ्या आहेत. पण अजूनही माडबंदरात होड्या परतल्या की घरची बाई उंबऱ्यात उभी राहून डोळे मिटते आणि नवऱ्याला विचारते, "बरा हायस न्हवं?" तो खरं सांगेपर्यंत ती डोळे उघडत नाही. आणि तो "न्हाय" म्हणाला, तर पायातल्या वहाणा न काढता दोघं दवाखान्याकडे चालू लागतात.