झालरीचं न हलणारं गाव

एका खाडीकाठच्या चिखलात, दोन तोंडांच्या बिळात, एक समुद्री किडा राहत असे. आणि मुलांनो, त्या किड्याच्या पाठीवर झालरी राहत असे. झालरी म्हणजे अगदी इवलासा जीव. हात नाहीत, पाय नाहीत, सगळा देह मिळून एकच पेशी! मोहरीच्या दाण्यावर अशांची अख्खी पंगत बसली असती. खालच्या देठाने ती किड्याच्या पाठीला चिकटलेली असे आणि तिच्या तोंडाभोवती बारीक केसांची झालर होती. ती भिरभिर फिरवली, की पाण्यातले खाऊचे कण तोंडात येत.

किडा बिळात दिवसभर अंग हेलकावत राही. हिरवट उजेडात झालरीही डुलत राही आणि अर्धवट झोपेत एका गावाचं स्वप्न पाही. त्या गावात काही म्हणजे काही हलत नसे. पण डोळा लागतो न लागतो (डोळे नव्हतेच म्हणा तिला, पण झोप तर होती!) तोच पुन्हा हेलकावा.

एकदा ती वैतागून म्हणाली, "अहो किडोबा, अंगात आलंय का तुमच्या? जरा स्वस्थ बसा की!"

किडा म्हणाला, "मी हललो नाही, तर बिळात ताजं पाणी कसं येणार बाई?"

"तुमचं पाणी तुम्हाला लखलाभ! माझं पोट माझ्या झालरीवर चालतं. आपला हात जगन्नाथ!" असं म्हणून झालरीने सकाळच्या ओहोटीला देठ सोडवला आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर ती तरंगत निघाली.

बाहेर, बिळाच्या तोंडाजवळच, एका डबक्यात रिकामा शिंपला पडला होता. त्यावर ती टेकली. काय ती शांतता! शिंपला हलत नव्हता, पाणी हलत नव्हतं, वरचा ढगसुद्धा जागच्या जागी पेंगत होता. "सुख सुख म्हणतात ते हेच गं बाई!" म्हणत तिने मस्त ताणून दिली.

जाग आली ती भुकेने. तिने झालर फिरवली. पहिले चार घास मिळाले. मग तेच पाणी गोल फिरून पुन्हा तोंडाशी येऊ लागलं, आणि त्यातले कण तर कधीच संपले होते. तिने आणखी जोर लावला. जगन्नाथ बिचारा राबत होता, पण ताटात काही पडत नव्हतं. ऊन चढलं, पाणी कोमट झालं, झालर मंदावली. झालरी फार घाबरली. आपण या शिंपल्यावरच संपणार, असं तिला वाटलं. तेव्हा तिला ते हेलकावे आठवले. प्रत्येक हेलकाव्यासरशी नवं पाणी येई आणि त्यातून नवा घास येई. "अरे देवा," ती पुटपुटली, "वाढणारे किडोबा होते, मी नुसती जेवत होते!"

दुपार कलली तशी भरती आली. झालरीने होता नव्हता तो जोर लावून देठ सोडवला. पोहायचं त्राण तिच्यात नव्हतं. पण ओहोटीत थांबलेला किडा भरतीचं पाणी येताच पुन्हा हेलकावू लागला होता आणि बिळाचं एक तोंड पाणी आत ओढत होतं. त्या ओढीने झालरी अलगद आत आली आणि किड्याच्या पाठीला घट्ट बिलगली.

"किडोबा, मी परत आले," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"अगंबाई! तू गेली होतीस होय?" किडा म्हणाला. "किती दमलेली दिसतेस! थांब, तुला जरा झोप लागेपर्यंत मी मुळीच हलत नाही."

"नको, नको!" झालरी ओरडली. "हला किडोबा, चांगले हला!"

किडा हसला आणि हेलकावू लागला. त्या हेलकाव्यांत झालरीने पोटभर खाल्लं, आणि खाता खाताच तिला गाढ झोप लागली.

तात्पर्य : ज्या हेलकाव्यांचा आपण कंटाळा करतो, पुष्कळदा त्यांच्यावरच आपलं पोट चालत असतं.